अक्षतांनंतरचे डोळे

"वर पाह्य माय. खाली पाहाले अख्खी जिंदगी पडली हाये."

नवरीच्या डोळ्यात रंगीत लेन्स बसवताना मॅडम एवढंच म्हणत. उजव्या हाताच्या बोटावर ती इवलीशी वाटी, डाव्या हाताने फाकवलेल्या पापण्या, आणि नवरी छताच्या पंख्याकडे पाहत कुलदैवताचा धावा करत असलेली. वाक्य संपेपर्यंत लेन्स बसलेली असे. जी नवरी हसे तिची लवकर बसे. जी रडे तिला ते वाक्य दोनदा ऐकावं लागे.

हे मी दारातून पाहत असे, कारण मी फोटोग्राफर. आदिलाबादच्या बसस्टँडमागे माझा स्टुडिओ होता. नव्वदीच्या सुरुवातीला मी व्हिडिओ कॅमेरा आणला आणि त्या दिवसापासून स्वतःला कलावंत समजू लागलो. त्याआधी मी लोकांना "हलू नका" म्हणायचो. आता "जरा हला" म्हणायला लागलो. कलेतली माझी प्रगती एवढीच.

मॅडमचं पार्लर पलीकडच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत होतं. गिरणी सुरू झाली की खुर्ची, आरसा आणि गिऱ्हाईक तिन्ही एका तालात थरथरत. त्या थरथरीत भुवया कोरायच्या म्हणजे गंमत नव्हती. पण दोन्ही भुवया सारख्याच हव्यात असा हट्ट आमच्या गावात तोवर कोणी धरलेला नव्हता, त्यामुळे निभावलं. पाटी तेलुगूत, मराठीत आणि इंग्रजीत होती. पाटीवर एका गोऱ्या बाईचं चित्र होतं आणि तिचे डोळे पेंटरने निळ्या ऑइलपेंटने रंगवले होते. उरलेला ऑइलपेंट त्याने गिरणीच्या दाराला दिला.

मॅडम हैदराबादला कोर्स करून आमच्या गावात आल्या होत्या. मूळच्या कुठल्या, घरी कोण कोण, नवरा काय करतो, याची चौकशी गल्लीतल्या बायकांनी वर्षभर नेटाने केली. हाती एवढंच लागलं की माहेर आसिफाबादकडे आहे आणि सासरचा विषय काढला की मॅडम विचारणारीच्या तोंडाला लेप लावतात. लेप लावल्यावर अर्धा तास बोलायचं नसतं.

वय पस्तिशीच्या आसपास. कडक इस्त्रीची सुती साडी, कपाळावर बारीक टिकली, आणि डोळे काळेभोर. इतके काळे की त्यात बाहुली कुठे सुरू होते ते कळत नसे. बायका म्हणायच्या, दुसऱ्यांच्या पोरींचे डोळे निळेहिरवे करते आणि आपले बरे काळेच ठेवते. मीही म्हणायचो. म्हणायला काही लागत नाही.

लेन्सच्या तीन जोड्या होत्या. निळी, हिरवी आणि मधाळ. औषधी पाण्याच्या छोट्या डब्यांत त्या बुडवून ठेवलेल्या असत. जी जोडी आज जिनिंगच्या मुनीमाच्या पोरीच्या डोळ्यात, तीच पुढच्या मुहूर्ताला कंत्राटदाराच्या पोरीच्या डोळ्यात. आज कोणी असं केलं तर मी स्वतः आरडाओरडा करीन. तेव्हा मॅडम त्या जोड्या धुऊन औषधात भिजवत आणि आम्ही समजायचो की झालं. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना बोलावून चांगलं झापलं. पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्याच भाचीने हिरवी जोडी मागितली.

तुम्हाला वाटेल, कापूस पिकवणाऱ्या या मुलखात निळ्या डोळ्यांचं काय काम? आम्हालाही तेच वाटायचं. मुनीमाची पोरगी निळे डोळे लावून खुर्चीवर बसली तेव्हा तिच्या आजेसासूने जवळ जाऊन विचारलं की एवढ्या लहानपणी मोतीबिंदू कसा झाला. कंत्राटदाराच्या पोरीला साडीचा हिरवा आणि डोळ्यांचा हिरवा तंतोतंत जुळायला हवा होता. जुळला नाही म्हणून तिने साडी बदलली. बँकेतल्या कॅशियरने गणपतीच्या नाटकात राक्षसाचं काम केलं, त्यालाही मॅडमनी हिरवी जोडी दिली. गडी राक्षस म्हणून इतका खूश झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी तशाच डोळ्यांनी काउंटरवर बसला. त्या दिवशी त्याच्याशी कोणी हुज्जत घातली नाही.

मी या सगळ्यांना हसायचो आणि सगळ्यांचे फोटो काढायचो. पण एक सांगतो. लेन्स बसली, डोळ्यांतलं पाणी टिपलं आणि मॅडमनी हातात आरसा दिला, की ती पोरगी कोणीही असो, क्षणभर श्वास घ्यायची विसरायची. जन्मभर जो चेहरा पाहिला तो आपला नसून दुसऱ्याच कोणाचा आहे आणि तो चांगला दिसतो आहे, असं तिच्या चेहऱ्यावर यायचं. तेव्हा माझं हसणं बंद व्हायचं. मॅडमही त्या वेळी नवरीकडे पाहत नसत. डबीचं झाकण लावत बसत.

त्यांचा एक नियम होता. लग्न लागायच्या आधी लेन्स नाही. आधी अक्षता, मग हार, मग पंगती. दुपारी नवरानवरी खुर्च्यांवर आहेर घ्यायला बसले की मग डबी उघडायची. "अक्षता पडेपर्यंत मायबापानं देल्ले थेच डोळे," असं त्या सांगत. नवऱ्या गयावया करत, आया रुसून बसत, मॅडम ढिम्म. का म्हणून विचारलं तर म्हणत, "माहा नेम हाये." मला वाटायचं बाईंना धर्माचं भारी प्रेम. एरवी त्या देवळात गेलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

आता माझा गुन्हा सांगतो.

जैनथजवळच्या एका गावात शाळामास्तरांच्या थोरल्या पोरीचं लग्न होतं. पोरगी बी.ए. झालेली, सावळी, बोलकी. तिच्यापेक्षा दीड वर्षाने लहान बहीण, नाकीडोळी हुबेहूब तिच्यासारखी. नवरदेव बेलाकडचा, घरची कापसाची शेती, स्वतः ग्रॅज्युएट. फोटो आणि व्हिडिओ माझ्याकडे, नवरीचा मेकअप मॅडमकडे. मला बऱ्याच दिवसांपासून एक फोटो हवा होता. अंतरपाट बाजूला होतो आहे, नवरी नजर वर उचलते आहे, आणि ते डोळे मधाच्या रंगाचे आहेत. असा फोटो आमच्या जिल्ह्यात कोणी काढलेला नव्हता. काढावा अशी विनंतीही मला कोणी केलेली नव्हती. पण कलावंताला विनंती लागत नाही.

मॅडम ऐकणार नाहीत हे ठाऊक होतं. म्हणून मी आधी पोरीला फितवलं. हळदीचे फोटो काढता काढता तिला म्हणालो की तो क्षण आयुष्यात एकदाच येतो, नवऱ्याची नजर पहिल्यांदा पडते ती डोळ्यांवर, आणि पंगतीनंतर डोळे रंगवून कोण पाहणार आहे, आचारी? पोरगी बी.ए. होती. तिला पटलं.

लग्नाच्या सकाळी मास्तरांच्या मागच्या खोलीत ती मॅडमपुढे हट्टाला पेटली. मॅडमनी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं. मग मी दारातून तोंड घातलं. दिवस बदलले मॅडम, म्हणालो. लोक शिकले. नवरदेव ग्रॅज्युएट आहे.

"त्याची आजी बी ग्रॅज्युएट हाये का?" मॅडमनी विचारलं.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पोरीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "मॅडम, सारं त्यायच्या मनासारखंच होऊन राह्यलं. साडी त्यायची, दागिने त्यायचे. एक गोष्ट माह्या मनासारखी होऊ द्या." मॅडमनी मधाळ जोडीची डबी उघडली.

मुहूर्त साडेअकराचा होता. मांडवात चारपाचशे माणूस. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला. मी सांगितल्याप्रमाणे पोरीने हळूच नजर वर केली, आणि मी तो फोटो काढला. त्याच्यासारखा फोटो मी आयुष्यात पुन्हा काढला नाही. लगेच कॅमेरा बदलून व्हिडिओ सुरू केला, म्हणून पुढचं सगळं मला पाठ आहे.

नवरदेवाचे हार धरलेले हात वर उचलले गेले ते तसेच राहिले. त्याने एकदा नवरीकडे पाहिलं. मग तिच्या मागे करवली म्हणून कलश घेऊन उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीकडे पाहिलं. तिचे डोळे काळे. मग तो वळून आपल्या मामाच्या कानाशी काहीतरी बोलला. मामा पुढे आला, वाकून नवरीचं तोंड न्याहाळलं, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दाखवली थे ही, अन् उभी केली हे. आमाले काय डोळे नाईत?"

दाखवली होती ती मागची करवली आणि गळ्यात मारली जाते आहे ती ही घारी थोरली, असा त्याचा हिशेब. ऐकायला वेडगळ वाटतो, पण तुम्ही त्याच्या जागी उभे राहून पाहा. डोळ्यांचा रंग बदलता येतो हे त्या मांडवात फक्त तिघांना ठाऊक होतं. त्यातली एक नवरी, जिला मामाने तू बोलू नको म्हणून गप्प केलं. दुसऱ्या मॅडम, मागच्या खोलीत सामान आवरत असलेल्या. तिसरा मी.

मास्तर हात जोडून पुढे आले. म्हणाले, माह्या पोरीचे डोळे काळेच हायेत. एवढं म्हणून त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि त्यांचे जोडलेले हात सुटले. बावीस वर्षं पाहिलेल्या पोरीचे डोळे काळे नव्हते. आईने तर तिथल्या तिथे बसकण मारली. वऱ्हाडातली माणसं उठून ट्रॅक्टरांकडे जायला लागली. कोणीतरी मंडपाच्या बाहेर फसवणूक, फसवणूक असं म्हणू लागलं. अक्षता पडलेली आणि हार न पडलेली पोरगी म्हणजे ना इकडची ना तिकडची. तिला पुढे कोणी विचारलं नसतं, आणि धाकटीलाही नाही.

आणि मी काय करत होतो? शूटिंग. हे सांगायला मला आजही लाज वाटते. खोटं कशाला बोलू, पहिल्या मिनिटाला माझ्या मनात एवढंच आलं की हे व्हिडिओत छान येतं आहे. मग पोरीने माझ्याकडे पाहिलं. त्या मधाळ डोळ्यांत पाणी भरलं होतं. मी कॅमेरा चालूच ठेवून खुर्चीवर टेकवला आणि मागच्या खोलीकडे धावलो.

मॅडमना सांगितलं. त्यांनी हातातला कंगवा खाली ठेवला. "काय म्हनून राह्यले? घारी म्हनून राह्यले?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी पदर खोचला आणि माझ्या पुढे चालू लागल्या.

मांडवात येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं की पोरगी तीच आहे, डोळ्यात वरून रंगाची चकती बसवली आहे, आत्ता काढून दाखवते. नवरदेवाची आजी पुढे बसली होती. ती म्हणाली की कपड्याचा रंग निघतो, डोळ्याचा कुठे निघतो का? मामाने मॅडमना हातभर लांबच अडवलं. पोरीच्या डोळ्यात बोट घालून तिला आंधळी कराल आणि नाव बेलावाल्यांचं घ्याल, असं त्याचं म्हणणं. मागून एका बाईने जादूटोण्याचं नाव काढलं. ते नाव निघालं की आमच्याकडे वाद संपतो.

मॅडम म्हणाल्या, "पोरीले नोका लावू देऊ हात. माहे पाहा."

आजीसमोर त्या गुडघ्यांवर बसल्या, मान खाली घातली, पापणी ओढली आणि बोटाने काहीतरी टिपून तळहातावर घेतलं. मग तोंड वर केलं. उजवा डोळा घारा होता. हिरवट पिवळा, बाहुलीचा बारीक ठिपका स्पष्ट दिसणारा. डावा अजून काळाच. एका डोळ्याने लोकांना पटणार नाही असं वाटलं असावं, म्हणून मॅडमनी दुसरी चकतीही काढली. तळहातावर दोन काळ्या चकत्या, आणि मॅडमच्या तोंडावर दोन डोळे, जे आम्ही कोणी आयुष्यात पाहिले नव्हते.

पहिल्या रांगेतल्या बायकांनी न ठरवता आपापली लेकरं पदराखाली घेतली. आपल्या भागात हे असंच चालतं, तुम्ही पाहिलं असेल. घाऱ्या डोळ्यांच्या माणसाने काही करावं लागत नाही. त्याने नुसतं पाहिलं तरी गाय आटते, लेकरू तापतं आणि कापसाला बोंडअळी लागते. एवढी ताकद खरोखर असती तर त्या लोकांना आपण तालुके वाटून दिले असते.

आजीने मॅडमचा हात ओढून त्या चकत्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. बोट लावून पाहिलं. मग विचारलं, "सारे रंग सोडून हे काळं लावाचं कायले माय?"

"तुमच्यासाठीच, आजी," मॅडम म्हणाल्या.

आजीला ते समजलं की नाही मला ठाऊक नाही. तिने हात सोडला आणि मामाला खूण केली. मॅडम उठून नवरीजवळ गेल्या. पोरगी रडत होती, लेन्स लवकर निघेना. पण निघाल्या. काळे डोळे पाहून नवरदेव आधी हसला आणि मग फार ओशाळला. हार पडले, वाजंत्री सुरू झाली, ट्रॅक्टरांकडे गेलेली माणसं परत आली. जेवण आहे म्हटल्यावर गैरसमज लवकर मिटतात.

पंगती बसल्या तेव्हा मी मॅडमना शोधत होतो. त्या कुठल्याच पंगतीत नव्हत्या. मागच्या खोलीत नवरीला बसवून वऱ्हाडातल्या बायका तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकत होत्या. घारीचा हात लागला होता ना. ज्या हाताने लग्न वाचलं त्या हाताची दृष्ट काढत होत्या. नवरीने मला दारात पाहिलं आणि मान फिरवली. ती तरी काय करणार होती?

परतताना जीपमध्ये मॅडम माझ्या शेजारी होत्या. डोळे उघडे, लेन्स डबीत. मी माफी मागायची म्हणून शब्द जुळवत होतो. त्यांनीच बोलायला सुरुवात केली, जणू तोंडाचा लेप सुकून गळून पडला होता. सासर वांकिडीच्या बाजूला. लग्न झालं तेव्हा नवऱ्याने डोळे पाहिले आणि काही म्हटलं नाही, उलट त्याला आवडले असावेत. वर्षभराने दिराचं लेकरू तापाने गेलं. त्या दिवसापासून त्यांना स्वयंपाकघरात जाऊ देईनात, पेरणीच्या दिवशी खोलीत कोंडून ठेवीत. मग एक दिवस नवरा त्यांना आसिफाबादच्या बसमध्ये बसवून गेला आणि खिडकीतून म्हणाला की माझं काही म्हणणं नाही, घरच्यांचं आहे.

पुढे हैदराबादला कोर्सच्या वेळी एका चष्म्याच्या दुकानात त्यांनी रंगीत लेन्सचं चित्र पाहिलं. आत जाऊन काळी जोडी आहे का विचारलं. दुकानदार हसला. म्हणाला, सगळ्या निळी मागतात, काळी मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या. ती जोडी मागवून घ्यायला महिना लागला. त्या दिवसापासून त्या काळ्या डोळ्यांच्या बाई झाल्या. त्यांचा नियम धर्माचा नव्हता हे मला तेव्हा कळलं. लग्न लागायच्या आधी कोणत्याही पोरीच्या डोळ्यांवर कोणाची शंका येऊ नये, एवढंच त्यांना सांभाळायचं होतं. मी तो नियम मोडायला लावला होता, एका फोटोसाठी.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पोरगी सासरी गेली ना. झालं मंग."

पोरगी सासरी गेली आणि मॅडमचं दुकान बसलं. बातमी आदिलाबादला आमच्या जीपच्या आधी पोचली होती. कोणी तोंडावर काही बोललं नाही, आमचं गाव सभ्य आहे. नुसते निरोप यायला लागले. आमच्या पोरीला साधंच पाहिजे. आमच्याकडे आत्याच करणार आहे. डॉक्टरांच्या भाचीने तर लेन्सने डोळे बिघडतात असं मलाच समजावून सांगितलं. मास्तर एकदा आले, मॅडमसाठी साडीचोळी आणि नारळ घेऊन, आणि पिशवी माझ्या स्टुडिओत ठेवून गेले. पार्लरचा जिना चढताना कोणी पाहिलं असतं तर धाकटीच्या लग्नात अडचण आली असती. मी समजून घेतलं. समजून घेण्यात आम्ही सगळे पटाईत होतो. पुढच्या हंगामात मी दुसऱ्या मेकअपवालीबरोबर लग्नांची कामं केली आणि एकाही आईला म्हटलं नाही की त्या बाईंना बोलवा. म्हणायला हवं होतं. तेव्हा म्हणायला काहीतरी लागलं असतं, म्हणून नाही म्हटलं.

लग्नाच्या कॅसेटमधून तेवढा भाग काढून टाका, असा नवरदेवाकडून निरोप आला. मी काढला. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये नवरदेव हार उचलतो तेव्हा नवरीचे डोळे मधाळ असतात आणि हार पडतो तेव्हा काळे. एवढ्यात काय झालं हे त्या घरात कोणी कोणाला विचारत नाही. दोन लेकरं झाली, संसार चांगला चालला आहे.

मॅडमनी मात्र त्या दिवसानंतर काळी जोडी पुन्हा लावली नाही. बाजारात, पोस्टात, सगळीकडे त्या तशाच घाऱ्या डोळ्यांनी फिरत. भाजीवाली पैसे घेताना मान खाली घालायची. मॅडम वांगी निवडत उभ्या राहायच्या, चांगल्या सावकाश.

उन्हाळ्यात त्यांनी गाव सोडलं. आता कुठे असतात मला ठाऊक नाही. निजामाबादला बायकांना पार्लरचं काम शिकवणाऱ्या एका केंद्रात शिकवणारी हवी होती, तिथे त्यांनी अर्ज केला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म भरायला त्या स्टुडिओत आल्या. मी लिहीत होतो, त्या सांगत होत्या. नाव, वडिलांचं नाव, शिक्षण. नवऱ्याच्या नावाच्या जागी त्यांनी रेघ मारायला सांगितली.

मग तो रकाना आला, आमच्याकडच्या प्रत्येक सरकारी फॉर्मवर असतो तो. अंगावरच्या ओळखीच्या खुणा, दोन. तिथे सगळे तीळ लिहितात. शाळेत मास्तर आम्हाला रांगेत उभं करून तीळ शोधायचे. मी पेन टेकवून विचारलं, तीळ कुठे कुठे आहेत?

"तीळ कोन पाहते, भाऊ," मॅडम म्हणाल्या. "लिवा. उजवा डोळा घारा."

मी लिहिलं. एका खुणेवर फॉर्म घेत नाहीत, दुसरी लागेल, असं सांगितलं.

"डावा डोळा घारा."